सवलतीचे दिवस

आयुर्विम्याच्या हप्त्याची तारीख उलटून गेली, म्हणून पॉलिसी त्याच दिवशी बंद पडत नाही. हप्ता सहामाही किंवा वार्षिक असेल तर तीस दिवस आणि मासिक असेल तर पंधरा दिवस विमेदाराला जास्तीचे मिळतात. त्या मुदतीत त्याचा मृत्यू झाला, तर थकलेला हप्ता तेवढा वजा करून घरच्यांना विम्याची रक्कम दिली जाते. कार्यालयात आम्ही या दिवसांना ग्रेस पिरियड म्हणत असू आणि मराठीत समजावून सांगायची वेळ आली की सवलतीचे दिवस म्हणत असू. 1986 ते 2023 अशी सदतीस वर्षे मी नगरच्या एका शाखेत काम केले, त्यातली बरीचशी मृत्युदाव्यांच्या टेबलावर. शहराचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, पण आमच्या तोंडी अजून नगरच आहे. ज्या शब्दाला मी आठवड्यातले सहा दिवस सवलत म्हणत होते, त्याच शब्दाला सातव्या दिवशी चर्चमध्ये कृपा म्हणत होते. हे दोन अर्थ माझ्या डोक्यात शेजारी शेजारी राहिले, पण त्यांची ओळख काही झाली नाही. ती व्हायला मला अठ्ठावन्न वर्षे लागली, आणि ज्या प्रसंगातून ती झाली तो प्रसंग टळला असता तर ती ओळख न झालेलीही मला चालली असती.

आमचे घराणे चार पिढ्यांचे ख्रिस्ती आहे. पणजीपासून सुरुवात होते, कारण तिच्या आधीचे कोणालाच माहीत नाही. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून उपासमारीने खंगलेल्या सुमारे तीनशे मुली आणि स्त्रिया त्यांनी केडगावला आणल्या. (हे दौंडजवळचे केडगाव, नगरला लागूनही एक केडगाव आहे, ते वेगळे.) त्या मुलींत नऊ-दहा वर्षांची पणजी होती. गावाचे नाव तिला सांगता येत नव्हते; घरासमोर चिंच होती आणि धाकटा भाऊ वाटेत गेला, एवढे दोनच तपशील तिच्याजवळ होते. मुक्ती सदनात ती लिहायला-वाचायला शिकली आणि पुढे तिथल्या छापखान्यात छापील पाने जुळवण्याचे काम करू लागली. जून 1905 मध्ये मुक्तीत ते प्रसिद्ध आध्यात्मिक जागरण झाले, मुली रात्र रात्र रडत प्रार्थना करू लागल्या आणि त्याची वार्ता परदेशांपर्यंत गेली. त्याविषयी पणजीला कोणी विचारले, की ती म्हणे, मी त्या रात्री चुलीपाशी होते, सकाळी इतक्या जणींना भाकरी कोण घालणार होते? आमच्या घरात ही गोष्ट विनोद म्हणून सांगितली जाते. मला ती आता तितकीशी विनोदी वाटत नाही.

पणजीची मुलगी, म्हणजे माझी आजी, बायबलबाई होती. मिशनच्या बायका गावोगाव चालत जात, ओसरीवर बसून स्त्रियांना अक्षरे शिकवत आणि शुभवर्तमानातल्या गोष्टी सांगत, त्यांना हे नाव होते. मी जाणती होईपर्यंत आजीचे पाय थकले होते आणि तिच्या वाट्याला आम्ही नातवंडेच तेवढी उरलो होतो. दिवेलागणीला ती आम्हाला चटईवर बसवी, पेटीवर एखादे गीत होई आणि मग शास्त्रवाचन. गीत बहुधा नारायण वामन टिळकांचे असे. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे सांगणाऱ्या या कवीने आम्हा मराठी ख्रिस्ती माणसांवर जे उपकार केले, त्यांतला मोठा उपकार असा, की देवाशी बोलताना आम्हाला परक्याचे कपडे घालावे लागले नाहीत. ओवी आणि अभंग आमच्या उपासनेत आले ते झांजा आणि तबल्यासकट.

1972 च्या दुष्काळात मी नऊ वर्षांची होते. शाळेत सुकडी मिळे, घरी मिलो नावाची लाल, चवहीन ज्वारी येई आणि वस्तीवरची माणसे रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात. अशा एका संध्याकाळी आजीने बायबलमधले तेविसावे स्तोत्र वाचायला घेतले. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे; मला काही उणे पडणार नाही,’ इथपर्यंत मी गप्प होते, पण तो मला हिरव्या कुरणांत बसवतो म्हटल्यावर मला राहवेना. ‘आजी, कुरण कुठंय?’ असे मी विचारले. वडील शिक्षक होते. त्यांना हा उद्धटपणा वाटला असावा. आजीला तसे वाटले नाही. ती म्हणाली, ‘पोरी, धनगर कुरणात राहतो व्हय? एका कुरणातनं दुसऱ्या कुरणात न्यायलाच तर तो असतो. मधली वाट माळाचीच असायची.’ आणि मग संथ पाण्याविषयीही तिने सांगितले, की मेंढरू वाहत्या पाण्याला भिते, म्हणून शहाणा धनगर साचलेले, शांत पाणी शोधतो, नाहीतर हाताने आडवे बांध घालून पाणी थांबवतो.

पुढे कितीतरी वर्षांनी बेथलेहेमविषयी वाचताना मला आजीची आठवण झाली. हे स्तोत्र ज्याच्या नावावर आहे तो दावीद ज्या भागात मेंढरे राखत होता, तो भाग मुळीच हिरवागार नाही. बेथलेहेमच्या पूर्वेला थोडे उतरले, की यहूदाचे उघडेबोडके रान सुरू होते आणि पावसानंतर उतारांवर गवताचे जे कोंब फुटतात, तेच तिथले कुरण. वर्षाला जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या आमच्या जिल्ह्यातल्या बायबलबाईला हे भूगोलाच्या पुस्तकाशिवाय कळले होते. भरल्या गोठ्यात बसून रचलेले हे स्तोत्र नाही. पुढच्या पाण्याचा भरवसा नसलेल्या माणसाचे ते गाणे आहे.

हे सगळे मला येत होते. येत होते आणि पुरत होते, असा माझा समज होता. बाप्तिस्मा बालपणी झाला, दृढीकरण, म्हणजे जाणत्या वयात स्वतः विश्वासाची कबुली देण्याचा विधी, वेळेवर झाले, लग्न चर्चमध्ये झाले; महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन आणि हंगामाच्या सणाला भाज्यांच्या लिलावात एखादा भोपळा दुप्पट किमतीला घेणे, हा माझा धर्म होता. तो खोटा नव्हता. पण पंडिता रमाबाईंनी आपल्या 1907 च्या साक्षीत स्वतःविषयी जे लिहिले आहे, ते वाचताना मी दर वेळी घाईने पान उलटत असे. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला खरा, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त सापडलेला नाही. आईवडील आणि बहीण दुष्काळात गमावलेली, भावाबरोबर देशभर पायी हिंडलेली, भाऊ गेल्यावर आणि मग लग्नाला दोन वर्षेही होत नाहीत तोच नवरा गेल्यावर लहानग्या मुलीला घेऊन उभी राहिलेली, संस्कृत शास्त्रांत पारंगत असलेली ही स्त्री, एवढे सगळे पार करून धर्मांतर केल्यावरही म्हणते, की मी अजून दारातच होते. मग मी कुठे होते? हा प्रश्न मी लांबणीवर टाकत राहिले. विम्याच्या भाषेत सांगायचे तर माझी पॉलिसी चालू आहे असे मी धरून चालले होते. हप्ता शेवटचा कधी भरला होता, हे तपासले नव्हते.

माझ्या धाकट्या भावाचे दौंड रस्त्याला फॅब्रिकेशनचे छोटे दुकान होते. खिडक्यांच्या जाळ्या, गेटे, जिन्याचे कठडे असे काम असे, आणि दिवाळीच्या आधी वाड्यावस्त्यांवरचे धनगर बाहेर पडायच्या तयारीत असताना आपल्या काठ्यांना लोखंडी आकडे बसवून घ्यायला त्याच्याकडे येत. त्या कामाचे तो फारसे पैसे घेत नसे. 2019 च्या फेब्रुवारीत माझ्या आग्रहाखातर त्याने विमा उतरवला. सहामाही हप्ता होता. तीन हप्ते त्याने भरले. चौथ्याची तारीख ऑगस्ट 2020 ची होती आणि तोपर्यंत टाळेबंदीत दुकान चार महिने बंद राहून गेले होते. सवलतीचे दिवसही सरले. त्या वर्षीच्या डिसेंबरात बंद पडलेल्या पॉलिस्यांची यादी माझ्या टेबलावर आली आणि तीत मी त्याचे नाव पाहिले. थकलेला हप्ता, त्यावरचे व्याज आणि प्रकृतीचे घोषणापत्र दिले, की अशी पॉलिसी पुन्हा सुरू करता येते. त्याला कार्यालयात पुनरुज्जीवन म्हणतात. पैसे मीही भरू शकले असते. नाताळ होऊ दे, मग त्याच्याशी बोलू, असे मनाशी म्हणून मी यादी पुढे सरकवली. नाताळ झाला. नवे वर्ष आले. बोलणे राहून गेले.

2021 च्या मे महिन्यात, दुसऱ्या लाटेत, तो एकोणीस दिवसांत गेला. दफनाला आम्ही चौघेच होतो, तेही लांब उभे. दोन पूर्ण वर्षांचे हप्ते भरलेले नसल्यामुळे नियमानुसार त्याच्या कुटुंबाला काहीही मिळणार नव्हते, आणि हे शाखेत माझ्याइतके नक्की कोणाला माहीत असणार? त्या महिन्यांत माझ्या टेबलावर दाव्यांचे ढीग लागले होते. मृत्यूचे दाखले, नॉमिनीचे ओळखपत्र, रद्द केलेला धनादेश, सही कुठे करायची ते विचारणाऱ्या विशी-पंचविशीतल्या मुली. प्रत्येक फाइल पुढे पाठवताना मला वाटे, की ही माणसे माझ्या भावापेक्षा सावध निघाली. मग वाटे, की त्यांना माझ्यापेक्षा सावध बहीण मिळाली.

त्या काळात आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चच्या सभासदांतल्या, जवळपास प्रत्येकाच्या फोनवर एक्याण्णवावे स्तोत्र फिरत होते. परात्पराच्या आश्रयाखाली राहणाऱ्याला मरी शिवणार नाही, त्याच्या बाजूला हजारो पडले तरी ती त्याच्यापर्यंत पोहोचणार नाही, अशी ती वचने आहेत. लोक भीतीने ती पाठवत होते आणि त्या भीतीला मी हसणार नाही. पण भावाच्या फोनवरही ती आली होती. त्यानेही ती पुढे पाठवली होती. तो गेल्यावर एका परिचित गृहस्थांनी मला सांत्वन म्हणून ऐकवले, की विश्वासात कुठेतरी उणीव राहिली असेल. या एका वाक्याने माझा देवावरचा विश्वास जेवढा हलला, तेवढा मृत्यूने हलवला नव्हता.

इथे मला थोडे फटकळपणे बोलू द्यावे. विम्याच्या धंद्यात ग्राहकाला जे मिळणार नाही ते मिळेल असे सांगून पॉलिसी गळ्यात मारतात, त्याला आम्ही चुकीची विक्री म्हणतो, आणि तो दोष मानला जातो. धर्माच्या व्यासपीठांवरून अशी विक्री राजरोस होते: इतका विश्वास ठेवा, इतके दान द्या, म्हणजे आजार शिवणार नाही, कर्ज फिटेल, मुलाला नोकरी लागेल. ज्या एक्याण्णवाव्या स्तोत्राच्या जोरावर हे सांगतात, ते स्तोत्र नव्या करारात उद्धृत होते तेव्हा कोणाच्या तोंडी आहे, हे पाहण्याजोगे आहे. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात येशूला मंदिराच्या शिरोभागी उभे करून सैतान म्हणतो, की खाली उडी टाक, देवाचे दूत तुला झेलतील असे शास्त्रात लिहिलेच आहे. येशू उडी टाकत नाही. पुढे वधस्तंभावर त्याला खाली उतरायला सांगतात, तेव्हा तो उतरतही नाही. ज्याच्या नावाने आम्ही सुरक्षितता मागतो, त्याने स्वतःसाठी ती या चलनात कधीच मागितली नाही, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. त्याचा काही अर्थ होतो, हे मला त्या उन्हाळ्यात, रागाच्या भरात, पहिल्यांदा जाणवले.

राग होता तोवर बरे होते. जुलैच्या सुमारास तो ओसरला आणि झोप गेली. रात्री दोन वाजता जाग येई आणि डोळ्यांसमोर ती डिसेंबरातली यादी येई, त्यातली ओळ आणि ओळीच्या शेवटी ‘बंद’ असा शेरा. प्रार्थनेला बसले, तर शब्द जुळत नसत. एका रात्री मी स्तोत्रसंहिता नुसतीच चाळत असताना अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र समोर आले. दुःखाच्या इतर स्तोत्रांत शेवटी कुठेतरी सूर वळतो, तरीही मी तुझे स्तवन करीन अशी ओळ येते. या स्तोत्रात ती येत नाही. ते काळोखात सुरू होते आणि काळोखातच संपते; मूळ हिब्रूत शेवटचा शब्दच काळोख आहे. कोणा संपादकाने त्याला बरा शेवट जोडला नाही, आणि हजारो वर्षे मंदिरांत आणि चर्चमध्ये ते तसेच म्हटले गेले. मला त्या रात्री धीर आला असे म्हणता येणार नाही. पण देवाच्या पुस्तकात माझ्यासाठी एक पान राखून ठेवलेले आहे, एवढे कळले.

आमचे पाळकसाहेब वयाने माझ्या भावाएवढे. पाळक हा शब्द आम्ही इतक्या सवयीने उच्चारतो, की त्याचा अर्थ राखणदार, मेंढपाळ असा होतो हे विसरायला होते. ते घरी आले तेव्हा मी त्यांना स्वच्छ सांगितले, की मला प्रार्थना करता येत नाही. मला वाटले होते, ते एखादे वचन काढतील. ते म्हणाले, ‘ताई, जमत नसेल तर करू नका. मंडळी करते आहे ना? काही दिवस तुम्ही त्यांच्यावर टेका.’ मग त्यांनी एलीयाची गोष्ट काढली. कर्मेल डोंगरावर मोठा विजय मिळवलेला हा संदेष्टा दुसऱ्याच दिवशी जिवाच्या भीतीने रानात पळतो, एका झुडपाखाली बसतो आणि आता माझा प्राण घे असे देवाला म्हणतो. देव त्याला उपदेश करत नाही. एलीया झोपतो. दूत त्याला उठवून म्हणतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची चंबू असते. तो खातो, पितो, पुन्हा झोपतो; दूत पुन्हा उठवतो आणि पुन्हा खायला सांगतो, कारण वाट लांबची आहे. होरेब डोंगर, तिथला वारा आणि भूकंप, त्यानंतरचा तो मंद स्वर हे सगळे नंतर, चाळीस दिवसांनी. आधी दोन वेळचे जेवण आणि दोन झोपा. पाळकसाहेब गेल्यावर मला पणजी आठवली, सगळा मुक्ती सदन आत्म्याने पेटलेला असताना चुलीपाशी बसलेली. त्या रात्री जागरणाच्या बाहेर राहिलेली म्हणून आम्ही तिला हसत होतो. ती बाहेर होती, असे आता मला खात्रीने म्हणता येईना.

भावजयीचे घर माझ्या घरापासून पायी पंधरा मिनिटांवर आहे. भाऊ गेल्यापासून मी फोन करत होते, किराणा पोहोचवत होते, मुलीच्या शाळेची फी भरत होते, पण तिच्या घरात बसून जेवले नव्हते. प्रत्येक वेळी काहीतरी निमित्त काढून मी उंबऱ्यावरून परतत असे. खरे कारण तिला माहीत नव्हते, अशी माझी समजूत होती. सप्टेंबरातल्या एका रविवारी उपासना झाल्यावर ती म्हणाली, ‘ताई, आज जेवायलाच चला,’ आणि माझी पिशवी हातातून काढून घेऊन चालू लागली.

तिने मटणाचा रस्सा आणि बाजरीच्या भाकरी केल्या होत्या. ताट पुढे आले आणि मला घास घेता येईना. मग मी सगळे सांगितले. यादी, त्याचे नाव, नाताळानंतर बोलू म्हणून सरकवलेला कागद. तिने भाकरी थापत असलेला हात थांबवला नाही. म्हणाली, ‘मला माहीत होतं. नोटीस घरीच आली होती की. त्यांनी पैसे काढून ठेवले होते, पण दिवाळीला दोघा कारागिरांचा पगार थकला होता, तो केला त्यात. म्हणाले, आधी त्यांची चूल.’ थोडे थांबून पुढे म्हणाली, ‘तुम्ही त्यांना सांगितलं असतं, तरी त्यांनी तेच केलं असतं, ताई. आणि नसतं केलं, तरी मी तुम्हाला जेवायला वाढलंच असतं. खा, गार होतंय.’

‘तू माझ्या शत्रूंच्या देखत माझ्यापुढे ताट वाढतोस,’ ही तेविसाव्या स्तोत्रातली ओळ मी हजार वेळा म्हटली असेल. शत्रू म्हणजे कोणीतरी बाहेरचे, असे मी धरले होते. त्या दुपारी माझा शत्रू माझ्याच आत, माझ्याच आवाजात बोलत होता, त्याच्याजवळ सगळी कागदपत्रे होती आणि दावा खरा होता. त्याला कोणी खोडले नाही. तो तिथेच बसलेला असताना माझ्यापुढे ताट आले, आणि ते अशा बाईच्या हातून आले, जिचे माझ्यामुळे नुकसान झाले होते. मी जेवले. रडतही होते, पण जेवले, आणि त्या रात्री सकाळपर्यंत झोपले.

‘तो माझा जीव ताजातवाना करतो,’ असे त्याच स्तोत्रात आहे. मूळ हिब्रू क्रियापदाचा अर्थ परत आणणे, माघारी वळवणे असा होतो, हे मला पुढे कळले. माझ्या बाबतीत तरी तो अर्थच अधिक नेमका आहे. ताजेपणाची अशी काही लहर अंगावरून गेली नाही. वाट चुकलेले जनावर कोणीतरी हाकत हाकत कळपाकडे आणावे, तसे काहीतरी झाले. पौल रोमकरांस लिहितो, की ‘आपल्या मनाच्या नवीकरणाने स्वतःचे रूपांतर होऊ द्या.’ इथे ‘करा’ असे नाही, ‘होऊ द्या’ असे आहे, आणि मराठी भाषांतरकारांनी हा फरक सांभाळला याबद्दल त्यांचे ऋण मानले पाहिजे. सदतीस वर्षे पॉलिस्यांचे नूतनीकरण करणाऱ्या मला वाटत आले होते, की नवेपणा ही माणसाने वेळेवर भरायची गोष्ट आहे. मुदत असते, ती चुकली तर दंड असतो, आणि दंडाचीही मुदत संपते. कृपेचे दिवस मी मोजले होते, ते तीस भरले होते.

इसवी सनपूर्व 586 मध्ये यरुशलेम पडले, मंदिर जळाले, माणसे बंदिवान म्हणून बाबेलला नेली गेली. त्या राखेत बसून रचलेल्या विलापगीतात एक ओळ आहे. परमेश्वराच्या करुणेला खंड पडत नाही, असे सांगून कवी म्हणतो, ‘ती रोज सकाळी नवी होते.’ मुदत एका रात्रीची. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिला दिवस. विमाशास्त्राच्या कोणत्याही हिशेबात हे बसणार नाही. अशी कंपनी आठवड्याभरात बुडेल. मी निवृत्त होईपर्यंत रोज सकाळी कार्यालयात जाण्याआधी ही ओळ वाचून निघत होते, आणि टेबलावर येणाऱ्या माणसांना मृत्यूचे दाखले मागताना माझा आवाज पूर्वीपेक्षा खाली आला होता, असे एका सहकाऱ्याने मला सांगितले.

मला भीती वाटत नाही, असे मात्र मी लिहिणार नाही. गेल्या वर्षी छातीत दुखले तेव्हा मी रिक्षात बसून दवाखान्याकडे जाताना पार घाबरले होते. तेविसाव्या स्तोत्रात मृत्युछायेची दरी लागते, तिथे एक छोटा बदल होतो. आधीच्या सगळ्या ओळी ‘तो’ म्हणून आहेत: तो बसवतो, तो नेतो, तो चालवतो. दरीत शिरल्यावर कवी देवाविषयी बोलणे सोडून देवाशी बोलू लागतो. ‘कारण तू माझ्याबरोबर आहेस.’ दरी चुकवून जाणारा रस्ता त्या स्तोत्रात नाही. रिक्षात मला ‘तो’ म्हणायला सुचले नाही, ‘तू’च तोंडात आले, आणि भीती होती तशी असूनही मी त्या बाकावर एकटी नव्हते. दुखणे पित्ताचे निघाले. हृदयाचे निघाले असते, तरी मी हेच लिहिले असते, असे मला वाटते. निदान तसे लिहिता यावे, अशी इच्छा आहे.

रमाबाईंच्या अखेरच्या दिवसांविषयी मी हल्ली पुन्हा वाचते आहे. त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा 1921 च्या जुलैत गेली. आपल्यामागे मुक्ती सदन जिच्या हाती सोपवायचे, ती आधी गेली. हिब्रू आणि ग्रीक शिकून रमाबाईंनी कित्येक वर्षे चालवलेले बायबलचे सोपे मराठी भाषांतर तेव्हा पुरे व्हायचे होते. त्या पुन्हा मुद्रितांसमोर बसल्या. ते काम संपवून 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या. जिने आयुष्यात एकापाठोपाठ एक इतकी माणसे गमावली, तिला सुरक्षितता हा शब्द कशासाठी वापरावासा वाटत असेल, याचा मी विचार करते, तेव्हा मला त्या टेबलावरचे कागद दिसतात आणि शेजारच्या खोलीत पाने जुळवणाऱ्या पणजीचे हात.

रविवारची संध्याकाळची प्रार्थना आता भावजयीच्या घरी होते. पेटी मी वाजवते, बरी वाजवत नाही. शास्त्रवाचन भाचीकडे असते; ती अकरा वर्षांची आहे आणि जोडाक्षरांपाशी अडखळते, पण कोणाला मध्ये बोलू देत नाही. मागच्या रविवारी तिने तेविसावे स्तोत्र निवडले. ‘तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात,’ इथे ती थांबली.

‘आत्या, आकडी म्हणजे?’

मी तिला सांगितले, की धनगराच्या हातात एक लांब काठी असते, तिच्या टोकाला लोखंडी आकडा असतो. उन्हाळ्यात खाली काही उरत नाही, तेव्हा त्या आकड्याने तो बाभळीची उंच फांदी ओढून खाली वाकवतो आणि मेंढरांना पाला देतो.

‘पप्पा बसवून द्यायचे तो?’

‘हो, तोच.’

तिने मान हलवली, ओळीवर बोट ठेवले आणि पुढे वाचू लागली.